कारंजा ते शिरपूर : वाटेवरची टाकी

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला आणि मी व सौ. कारंजा-शिरपूरच्या यात्रेस निघालो. वाशीम जिल्हा मला परका नाही. १ जुलै १९९८ रोजी तो अकोल्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच या भागातील एका शाखेत मी तीन वर्षे कृषिकर्जाचे काम पाहिले होते. त्या काळची एक गोष्ट मनाला टोचत राहिली आहे, ती ओघाने येईलच.

कारंज्यात काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण या तिन्ही मंदिरांचे दर्शन घेतले. १९१८ साली स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमासही नमस्कार करून आलो. येथील एका श्रीमंत श्रावकाने म्हणे हवेली बांधताना चुन्यात कस्तुरी कालवली होती. ही कथा सौ.ला सांगत असतानाच गाडी पुढच्या एका गावाच्या वेशीबाहेर आली आणि काचा वर कराव्या लागल्या. रस्त्याकडेला कचऱ्याचा ढीग धुमसत होता. त्यात लग्नाच्या पंगतीतील पत्रावळ्या, उरलेला भात, प्लॅस्टिकचे पेले, सारे एकत्र होते. दोन गाई अन्नाच्या वासाने पिशव्यांसह घास ओढत होत्या. पांजरापोळाला आपण वर्षानुवर्षे देणगी देतो; पण त्या गाईच्या पोटात जाणारी पिशवी कोणाच्या तरी मांडवातूनच येते. आमच्या घरच्या कार्याचा कचरा कुठे गेला, हे मी तरी कधी विचारले नव्हते.

मंगरूळपीरच्या बाजूस शेतांत सोयाबीन निघून कुटाराचे ढीग लागले होते. काही ठिकाणी धूरही दिसला. एका धुऱ्याजवळ चहासाठी थांबलो, तेथे विटांची भोके ठेवलेली टाकी दिसली आणि मी चटकन ओळखली : नाडेप. ही पद्धत जिल्ह्याच्या सीमेपलीकडील पुसदची. तेथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती बसवली आणि त्यांच्याच आद्याक्षरांवरून तिला नाव पडले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाकी; भिंतींत हवेसाठी भोके. आत काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, वर चाळलेली माती. असे थरावर थर. सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचऱ्यास शेण अवघे ९० ते १०० किलो लागते. माती मात्र कचऱ्याहून अधिक. एक-दोन दिवसांत टाकी भरून शेणामातीने लिंपायची, ओल टिकवायची. तीन-चार महिन्यांत खत तयार. थोड्या शेणात पुष्कळ खत, हा यातील व्यवहार मला नोकरीच्या काळात फार आवडला होता.

टोचणी आहे ती येथेच. अशा टाक्या अनुदान व कर्जातून बांधल्या गेल्या, तेव्हा पाहणीस मी स्वतः जात असे. टाकी उभी आहे, मापे बरोबर आहेत, अशी नोंद करून सही करीत असे. आत खत आहे की कडबा, हे पाहण्याचा रकाना माझ्या अर्जात नव्हता, म्हणून मीही पाहिले नाही. एका टाकीत कोंबड्या होत्या हे आजही आठवते. हिशेब जुळला होता, काम झाले नव्हते. या धुऱ्यावरच्या टाकीत मात्र खत होते. शेतकऱ्याने मूठभर काढून हातावर ठेवले. काळे, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीचा वास असलेले. निघताना त्याने कुटाराचे एक पोतेही गाडीत टाकले, पैसे घेतले नाहीत.

सायंकाळी शिरपूरला पोहोचलो. अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती वाळू आणि शेणाची घडवली, अशी आख्यायिका आहे. लहानपणापासून ऐकलेली ही कथा त्या दिवशी वेगळीच कानी पडली.

मुक्कामी सौ.ने खरा प्रश्न विचारला : “हे खत म्हणजे जीवांची उत्पत्ती नाही का? आपण ती मुद्दाम करायची?” प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. ढीग तापतो तेव्हा उष्णता साठ अंशांपर्यंत जाते. त्यात सूक्ष्म जीव येतात आणि मरतात. मी तिला एवढेच म्हणालो की कुजणे आपल्या हाती नाही. कुठे आणि कसे कुजावे, एवढेच आहे. वेशीवरच्या बंद ढिगात हवा नसते, म्हणून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. शिवाय अळ्या, दुर्गंधी आणि त्या गाई. टाकाऊ वस्तू जागा पाहून, यतनापूर्वक परठवावी, ही आपली पाचवी समिती. साधूंसाठी सांगितलेला तो आचार गृहस्थाने अगदीच सोडावा का? तिचे समाधान पूर्ण झाले नाही. माझेही झाले आहे असे नाही.

अकोल्यास परतल्यावर परसात दोन सच्छिद्र पिंपे ठेवली. पहिल्याच महिन्यात फजिती झाली. मी नुसत्या ओल्या साली भरत गेलो आणि पिंपात अळ्या झाल्या. सौ. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचेच बरोबर होते. ओल्याच्या दुप्पट कोरडे हवे, हे मी वाचले होते, केले नव्हते. आता साली ती आधी गच्चीवर उन्हात सुकवते. मगच त्या पिंपात जातात, आणि प्रत्येक थरावर कुटार पडते. उष्टे मात्र पिंपात जातच नाही. ताट धुऊन पिण्याची सासूबाईंची रीत आम्ही पुन्हा धरली आहे. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले होते. पालिकेच्या गाडीत आमच्याकडून आता सुकाच तेवढा जातो.

नातवाच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. मांडववाल्याला प्लॅस्टिकचे पेले नकोत, उरलेल्या अन्नाची पिंपे वेगळी ठेवा, असे सांगितले. त्याने जादा माणसाची मजुरी मागितली, ती कबूल केली. कुटाराचे पोते संपत आले आहे. माघात शिरपूरला पुन्हा जाऊ, तेव्हा त्या धुऱ्यावर थांबू. या खेपेस पैसे देऊनच आणू.