बोहरी आळीतले मणी

मैत्रिणींनो, पुण्याला गेलात की तुळशीबागेत एक चक्कर होतेच ना? पण तिथून थोडं पुढं, रविवार पेठेतल्या बोहरी आळीपर्यंत आपल्यातल्या फार थोड्याजणी जातात. विणकामात मणी घालायची हौस असेल, आणि त्यातून चार पैसे मिळवायचे असतील, तर ही आळी पाहायलाच हवी.

आम्हा सातारकरांना हे सोपं आहे. सकाळच्या एस.टी.ने खंबाटकी ओलांडून स्वारगेटला उतरायचं. सप्टेंबर २०२४ पासून तिथून भुयारी मेट्रो मंडईपर्यंत येते, एकच स्टेशन. वर आलं की समोर मंडईची १८८६ सालची अष्टकोनी इमारत. बाजूलाच तुळशीबाग. बांगड्या-टिकल्यांच्या गर्दीत आपण विसरतो, पण आत नारो अप्पाजी खिरे यांनी १७६१ साली बांधायला घेतलेलं राममंदिर आहे. दोन मिनिटं तिथं टेकावं. पुढं बसायला जागा मिळत नाही!

मग लक्ष्मी रस्त्यानं सोन्या मारुतीच्या बाजूला चालत राहायचं. रंगाचे डबे, सुतळ्या, खोके, हातगाड्या दिसू लागल्या की आपण आळीत आलो म्हणून समजावं. इथला व्यापार घाऊक. 'चार-दोन मणी दाखवा' म्हटलं तर दुकानदार मान वर करीत नाही. वजन सांगितलं की लगेच करतो. म्हणून घरूनच हिशेब करून निघावं.

या खेपेला माझ्याकडे शेजारच्या वहिनींचा हिशेब होता. त्यांच्या यजमानांचं दुकान बंद झाल्यापासून वहिनी सुयांवर मण्यांचे बटवे विणून देतात. लग्नात सवाष्णींना द्यायला ११ बटव्यांची मागणी आली होती, सगळे एका रंगाचे, मोरपंखी मण्यांचे. आगाऊ पैसे घेतलेले. त्यातला एक जरी वेगळा दिसला तरी वधूमाय परत करणार, हे वहिनी जाणून होत्या. बारीक सुती दोऱ्यावर ४० टाके, एका ओळीत २० मणी, अशा मण्यांच्या २४ ओळी. म्हणजे एका बाजूला ४८०, दोन्ही मिळून ९६०. आठ नंबरचे मणी ग्रॅमला साधारण ३८ बसतात. एका बटव्याला २५ ग्रॅम धरा. अकरांना पावणेतीनशे.

नंबरांचं गणित उलटं असतं बरं का. नंबर मोठा तितका मणी लहान. अकरा नंबरचा मणी जेमतेम दोन मिलिमीटर, तो भरतकामाला. आठ नंबर तीन मिलिमीटर, बारीक दोऱ्याला बरा. चार पदरी लोकरीला सहा नंबरच घ्यावा, नाहीतर लोकर भोकातून जातच नाही. दुकानात या बारीक मण्यांना 'शुगर बीड्स' म्हणतात, लांबट नळीसारख्यांना कटदाणा. कटदाण्याच्या कडा धारदार असतात, विणकामाचा दोरा कापतात. दिसायला कितीही देखणा असला तरी बटव्याला नको.

काच की प्लॅस्टिक, हे ओठाला लावून कळतं. काच गार लागते. आपल्या देशातले काचेचे मणी बरेचसे उत्तर प्रदेशात, हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला भट्टीवर बनतात. हाती बनलेला मणी थोडा लहान-मोठा असायचाच; जपानी मणी एकसारखा असतो, पण किंमतही तशीच. रंग पक्का आहे का, हे पाहायला मी पर्समध्ये नेलपॉलिश काढायचं पाणी आणि पांढरी चिंधी नेते. वरून दिलेला रंग लगेच चिंधीवर उतरतो. दुकानदार हसतो, हसू दे.

मोरपंखी मणी मिळाले, पण २०० ग्रॅमच. दुकानदारानं दुसरी पिशवी पुढं केली, "ताई, एकच रंग आहे." ट्यूबलाइटखाली एकच दिसत होता. मी दोन्ही पिशव्या घेऊन रस्त्यावर उन्हात आले, तर दुसरीत हिरवट छटा! मण्यांचंही लोकरीसारखंच आहे, एका घाणीचा रंग दुसऱ्या घाणीला जुळेलच असं नाही. मोबाईलवर फोटो पाठवून उपयोग नव्हता. फोटोत रंग खरा येत नाही. तिथंच पायरीवर उभी राहून वहिनींना फोन लावला.

त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तळाच्या आठ ओळी बिनमण्याच्या सोडते. सोळाच ओळी. बघा बरं, पुरतात का?" सोळा ओळींना ६४० मणी, म्हणजे १७ ग्रॅम. अकरांना १८७. वर १३ ग्रॅम फुटक्या-तुटक्याला शिल्लक! आणि तळ साधा ठेवलेला बटवा मांडीवर टोचत नाही, हे मी आपलं माझ्याकडून सांगते.

करून पाहणाऱ्यांसाठी एवढंच. मणी आधी ओवून घ्यायचे, मग टाके घालायचे. बारीक सुईत शिवणाच्या दोऱ्याचा फास करून त्यात विणायचा दोरा अडकवला की मणी सुईवरून सरळ उतरतात. नक्षी असेल तर शेवटची ओळ आधी ओवा, कारण शेवटी ओवलेला मणी पहिला विणला जातो. सगळ्या ओळी सुलट विणीच्या ठेवा. मणी मात्र मागच्या बाजूने विणताना दोन टाक्यांमध्ये सरकवा, म्हणजे तो दर्शनी बाजूला बसतो. सहाशे मणी एकदम ओवू नका, दोरा घासून पिसारतो. दीड-दोनशे ओवा आणि कडेला नवा दोरा जोडा.

वहिनींना एका बटव्याला दहा तास लागतात. घेताना त्यांनी फक्त मण्या-दोऱ्याचे आणि 'वर थोडे' असे पैसे सांगितले होते. पुढच्या मागणीला तासांचा भाव लावायचा, हे आम्ही दोघींनी कागदावर मांडलं आहे. मागणी आली आहे, सात बटव्यांची, रंग डाळिंबी. दिवाळीच्या गर्दीआधी मी पुन्हा बोहरी आळीत जाणार आहे, आणि या वेळी वहिनी बरोबर येणार आहेत.