ओढ्याकाठची शीळ

आंबोली, जुलै. पहाटेचे पाच. रात्रभर पत्रे बडवणाऱ्या पावसाने जरा दम घेतला आणि ओढ्याच्या बाजूने शीळ आली. लांबलचक, रेंगाळती. एखादं उनाड पोर अर्धवट आठवणारी चाल वाजवत चाललंय, असंच वाटावं. शीळकरी कस्तुर! इंग्रजांनी याला शीळ घालणारा शाळकरी पोर म्हटलं, ते उगाच नाही.

उजाडल्यावर दिसला. ओल्या कातळावर, काळानिळा. कपाळावर आणि खांद्यावर मात्र लखलखता निळा. चोचीतला खेकडा दगडावर आपटत होता. एवढ्या गोड गळ्याची न्याहारी ही अशी!

आपण पावसाला वैतागून दारं लावून घेतो. याची वीण मात्र ऐन पावसाळ्यातच. धबधब्यालगतच्या कपारीत शेवाळ, मुळं आणि चिखलाचं घरटं. खाली पाणी गर्जत असतं आणि त्यावरूनही शीळ स्पष्ट ऐकू येते.

परतताना तीच चाल ओठांवर आणून पाहिली. दोन सूर लागले, तिसरा निसटला. मागून त्याने अख्खी चाल पुन्हा वाजवली. मी मुकाट्याने छत्री उघडली.