गाडी तर उभी होती!

पप्पांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात एका कॅफेत बसून ‘उन्हाळ्यातले कूल लुक्स’ या विषयावर आठशे शब्द पाडत होते. (फ्रीलान्सिंग म्हणजे ग्लॅमर वगैरे वाटतं ना? तर ते असं असतं.)

“अगं, गाडी दिसंना.”

“कुठं दिसंना?”

“लावली होती तिथं.”

मे २०२४. बीडला जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयात आत्याच्या नणंदेच्या मुलीचं लग्न. पप्पा स्वतः गाडी चालवत गेले, बाहेर लिंबाखाली लावली, जेवले, आहेर दिला, बाहेर आले. सावली जागेवर होती. २०१९ ची पांढरी वॅगन-आर नव्हती. झेडपीच्या शाळेत आयुष्य घालवल्यावर घेतलेली पहिली कोरी गाडी. दर रविवारी ती पुसताना ते रेडिओ ऐकायचे. मम्मी म्हणायची, माझ्यापेक्षा तिचे लाड जास्त.

मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने बीड गाठलं. एफआयआर त्याच संध्याकाळी झाली होती, विमा कंपनीलाही कळवलं होतं. चोरीत हे दोन्ही लगेच करायचं असतं. दोन्ही किल्ल्या लागतात. दुसरी देवघराच्या ड्रॉवरमध्ये कापरासोबत सापडली. आरसी होती, पॉलिसी होती. सगळं कसं छान चाललं होतं... आणि मग फॉर्मवर तो रकाना आला. गाडी शेवटची कोणी चालवली? लायसन्स क्रमांक? वैधता कधीपर्यंत?

पप्पांनी पाकिटातून लायसन्स काढलं. चष्मा वर केला. पुन्हा खाली केला. मुदत सप्टेंबर २०२३ ला संपली होती. आठ महिने झाले होते!

पन्नाशीनंतर लायसन्स दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं, असा त्यांच्या वेळचा नियम. २०१३ ला केलं, २०१८ ला केलं. २०२३ ला साठी झाली, केक कापला, आणि बाकी विसरून गेले. बरं, आता रिन्यू केलं तरी ते रिन्यू केलेल्या तारखेपासूनच धरतात. मधला खड्डा तसाच.

आमचे एजंट काका मात्र कूल. “सर, टेन्शन कामून घेता? ताईचं नाव टाकू की. ताईनं चालवली म्हणायचं. कोण बघायलंय?”

खरं सांगू? मी ‘हो’ म्हणणार होते. माझं लायसन्स चालू आहे. अठराव्या वर्षी काढलेलं, फोटोत दोन वेण्या, पत्ता माळीवेशीतला. ते भाड्याचं घर सोडून नऊ वर्षं झाली, पण मुदत आहे ना? अडीच लाखांचा प्रश्न होता. एक सही.

पप्पा म्हणाले, “ही त्या दिवशी पुण्यात होती.”

“ते कुणाला माहीत?”

“मला.”

विषय संपला. (नंतर लग्नाचा व्हिडिओ पाहिला. कार्यालयाच्या गेटमध्ये पप्पा काच खाली करून कुणालातरी हात करताहेत, एकदम क्लोजअप! विमा कंपन्या चौकशीला माणूस पाठवतात. खोटं पकडलं गेलं असतं तर लायसन्सचा मुद्दा राहिला बाजूला, अख्खा क्लेमच गेला असता.)

खरं लिहिलं. सहा आठवड्यांनी पत्र आलं : वैध लायसन्स नसल्याने दावा नामंजूर. पप्पा दोन दिवस फारसं बोलले नाहीत. आपल्यामुळे गेलं, एवढंच एकदा म्हणाले.

माझं मात्र डोकं सटकलं. अहो, गाडी तर उभी होती! ती चोरीला जाताना चालवत होता चोर. त्याचं लायसन्स बघितलं का कुणी? मग मास कॉमच्या डिग्रीचा पहिल्यांदाच घरात उपयोग झाला. मी निकाल वाचत बसले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने नितीन खंडेलवाल प्रकरणात सांगितलंय की, चोरीच्या दाव्यात गाडीचा वापर कसा होत होता हा मुद्दा गैरलागू ठरतो. ती खासगी विम्याची गाडी टॅक्सी म्हणून चालत होती, तरी पूर्ण नकार चालला नाही. ‘नॉन-स्टँडर्ड’ धरून ७५ टक्के मंजूर झाले. याउलट २०२१ चा निकाल बघा. जोधपूरहून चोरीला गेलेल्या गाडीचं तात्पुरतं रजिस्ट्रेशनच संपलेलं होतं. तिथे मालकाला काही मिळालं नाही. म्हणजे संपलेला कागद कुठला, यावर बरंच अवलंबून. आमची आरसी ठणठणीत होती.

आमची केस पहिलीसारखी तंतोतंत नव्हती, तरी मी कंपनीच्या तक्रार विभागाला तीन पानी पत्र पाठवलं. खाली एक ओळ टाकली : महिन्याभरात उत्तर न आल्यास विमा लोकपालाकडे जाऊ. त्यांचं ऑफिस पुण्यातच आहे, आणि तिथे फी लागत नाही.

मध्ये पोलिसांचा ‘अ समरी’ अहवाल आला. गुन्हा खरा, पण तपास लागत नाही, असा त्याचा अर्थ. पप्पांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून पॉलिसीच्या फाइलमध्ये ठेवला. गाडी आता येणार नाही, हे त्यांना त्या दिवशी पटलं असावं.

नोव्हेंबरात कंपनीने ७५ टक्के कबूल केले. विम्यातली किंमत २ लाख ६० हजार, हातात १ लाख ९५ हजार. मला भांडायचं होतं. पप्पा म्हणाले, “पासष्ट हजार माझी फी समज.” मास्तर ते मास्तरच.

या सगळ्या भानगडीत लायसन्स रिन्यू करायचं राहिलंच, आणि मुदत संपून वर्ष उलटलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियम असा की वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी द्यायची. त्यामुळे २०२५ च्या जानेवारीत पप्पा शेजाऱ्यांची गाडी मागून आरटीओत गेले. डॉक्टरचं सर्टिफिकेट, इस्त्रीचा शर्ट, मागेपुढे अठरा वर्षांची पोरं. एकाने विचारलं, “काका, कोणाला घेऊन आलात?”

“मलाच.”

रिव्हर्स पहिल्या फटक्यात जमला म्हणे. माझ्या लायसन्सवर अजून माळीवेसच आहे. पत्ता बदलायचा ऑनलाइन फॉर्म अर्धा भरलाय, फोटो काही अपलोड होईना.