किंमत या रकान्यापुढे

सरकारी नोकरीची छत्तीस वर्षे मी दुसऱ्यांचे अर्ज तपासण्यात घालवली. एक रकाना कोरा राहिला तरी अर्ज परत पाठवायचा, ही शिस्त इतकी अंगवळणी पडली होती की, घरी लग्नपत्रिका आली तरी मी आधी तारीख आणि वार जुळतात का ते पाहत असे. अशा माणसाने स्वतःच्या पॉलिसीचा कागद न वाचता घडी घालून ठेवावा, हा दैवाचा नव्हे, माझाच दोष. आम्हा कर्नाटक सरकारच्या नोकरांचा विमा सरकारी विमा खाते पगारातूनच कापून घेई. त्यामुळे विमा म्हणजे आपोआप कापली जाणारी आणि आपोआप मिळणारी रक्कम, अशी माझी भोळी समजूत झाली होती.

२०१८ साली निवृत्त झालो आणि मिळालेल्या रकमेतून एक चांगला कॅमेरा आणि दोन भिंगे घेतली. बिदरचा महमूद गवानाचा मदरसा, अष्टूरचे घुमट यांवर हात बसवला. पण मनापासून काढलेली छायाचित्रे २०१९च्या जानेवारीतली, वेळ अमावस्येची. त्या दिवशी आपल्या भागात गावे ओस पडतात आणि शेते भरतात, हे वाचकांना सांगायला नको. आमची अक्का उदगीरहून मुद्दाम आली होती. कडब्याच्या कोपीपुढे बसून, आंबिलीचे बिंदगे जवळ ओढून ती नातवंडांना भज्जी वाढत होती. मी चाळीसेक छायाचित्रे काढली आणि कार्ड कॅमेऱ्यातच राहू दिले.

जूनमध्ये आम्ही उभयता मुलाकडे कॅलिफोर्नियाला सहा महिन्यांसाठी गेलो. प्रवासविमा काढला होताच. एके दुपारी सॅन फ्रान्सिस्कोत गाडी उभी करून जेवायला गेलो. परतलो तेव्हा मागची काच फुटलेली, आसनावरची पिशवी नाहीशी.

भरपाईचा अर्ज मी पूर्ण भरला, एकही रकाना कोरा न ठेवता. उत्तर शिष्ट भाषेत आले. सामानाचे संरक्षण विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या सामानापुरतेच होते. कॅमेरा मौल्यवान वस्तूंत मोडत असल्याने वगळलेला होता. शिवाय तो राखण नसलेल्या वाहनात ठेवलेला होता. तिन्ही कलमे कागदावर छापलेली होती. मी किती अर्जदारांना म्हटले असेल, ‘नियम वाचून यायचे होते.’ ते वाक्य ऐकणाऱ्याला कसे लागते, ते तेव्हा समजले.

पैशाचे दुःख ओसरले. २०२० च्या पावसाळ्यात अक्का गेली. भिंतीवर लावायला भाच्याने अलीकडचे छायाचित्र मागितले, तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हते.

२०२५ साली पुन्हा सहा महिन्यांचा योग आला. या वेळी मी आधी बिदरला जाऊन चौकशी केली. कळले ते असे. प्रवासविमा हा मुख्यतः आजारपणाचा. कॅमेऱ्यासाठी ‘ऑल रिस्क’ नावाची वेगळी पॉलिसी असते. तिची हद्द बहुधा भारतापुरती असते. परदेश हवा तर मुदतीसह तसे आधी लिहून घ्यावे लागते आणि हप्ता वाढतो. प्रत्येक वस्तूचे नाव, कारखान्याचा क्रमांक आणि किंमत वेगळी लिहावी लागते. हप्ता वाचवण्यासाठी किंमत कमी सांगितली, तर बहुतेक पॉलिसींत भरपाईही त्याच प्रमाणात घटते. दीड लाखाचा कॅमेरा पाऊण लाखाचा लिहिला आणि चाळीस हजारांचे नुकसान झाले, तर हाती वीस हजारच. छायाचित्रे विकून पैसे मिळवत असाल तर तेही सांगावे लागते, कारण विम्याचा करार पूर्ण विश्वासाचा मानला जातो. चोरी झालीच तर पोलिसांचा लेखी अहवाल ताबडतोब घ्यावा.

हैदराबादच्या विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून वस्तूंच्या क्रमांकांसह दाखला घेतला, म्हणजे परतताना ‘हे परदेशात घेतले काय’ असा प्रश्न उरत नाही. विमान कंपनीवर मात्र विसंबू नये. मॉन्ट्रियल करारानुसार डिसेंबर २०२४ पासून सामानाबद्दलचे तिचे दायित्व माणशी १५१९ विशेष आहरण अधिकार, म्हणजे साधारण दोन हजार अमेरिकी डॉलर, एवढेच आहे. तेव्हा कॅमेरा हातात, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्याही हातातल्याच पिशवीत. त्या खालच्या सामानात चालतच नाहीत.

हे कागद जुळवताना मला दादासाहेब फाळके आठवले. त्यांनी १९१२ साली बारा हजारांच्या विमा पॉलिसी तारण ठेवून दहा हजार रुपये उभे केले, फेब्रुवारीत लंडन गाठले आणि पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ठरवला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आम्ही कॅमेरा जपण्यासाठी पॉलिसी काढतो; त्या गृहस्थाने कॅमेऱ्यासाठी पॉलिसीच पणाला लावली. कुटुंबाच्या भवितव्याची तजवीज त्याने चित्रावर उधळली असे तेव्हा कोणी म्हटले असेल, तर ते खोटे नव्हते. पण काय गमावता येईल आणि काय नाही, याचा हिशेब त्याने स्वतः केला होता. तो मी केला नव्हता.

बिदरच्या कचेरीत यादी भरताना शेवटी ‘स्मृतिकार्ड’ लिहिले. कारकुनाने कन्नडमध्ये किंमत विचारली. मी म्हणालो, ‘बाराशे रुपये.’ त्याने लिहून घेतले. त्याच्याकडे दुसरा रकाना नव्हता आणि त्यात त्याचा दोषही नाही. विमा वस्तूची किंमत भरून देतो. वस्तूत साठवलेल्याची राखण ज्याची त्याने करायची असते.

आता वेळ अमावस्येला शेतातून परतलो की, बिंदगी धुऊन पालथी घालण्याआधी मी छायाचित्रांच्या दोन प्रती करतो. एक घरी राहते, दुसरी उदगीरला भाच्याकडे जाते. भाच्याच्या भिंतीवर अक्काचे अजूनही तिच्या लग्नातलेच छायाचित्र आहे.