पद्मिनी पुण्यास पोहोचवताना

सांगलीच्या हळदपेठेतील आडतदारांच्या दारी १९७० च्या सुमारास मोटार आली, तर ती बहुधा फियाट असे. १९६४ पासून ‘डिलाइट’, पुढे ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. नावे बदलली, १०८९ सीसीचे इंजिन तेच राहिले. कुर्ल्यात ती घडवणाऱ्या प्रीमिअर कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, आपल्याच समाजातले. १९५३ साली ते निवर्तले. पद्मिनी हे नाव त्यांच्या कानी पडले नाही.

आमची पद्मिनी १९७४ ची. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढे तिघांचे अखंड बाक. घसारा लावून लावून वडिलांनी तिची पुस्तकी किंमत केव्हाच नाममात्र केली होती. माझे गुडघे क्लच दाबण्यास कुरकुरू लागले, मुले परगावी. २०२४ च्या जानेवारीत ती विक्रीस काढली. दोन मागण्या आल्या. एका उपाहारगृहाच्या मालकांना तिचे छप्पर कापून दर्शनी भागात मांडायची होती. पुण्याच्या एका निवृत्त शिक्षकांची बोली तीस हजारांनी कमी, पण ते ती चालवणार होते. मागील आसनाखालचा पत्रा गंजला आहे, हे दोघांनाही दाखवले. तीस हजार ही काही सोडून देण्याजोगी रक्कम नव्हे. मी दोन दिवस आकडेमोड करीत बसलो. अखेर आईने विचारले, “अरे, छप्पर कापल्यावर त्यात बसणार कोण?”

सौदा शिक्षकांशी झाला.

कागदपत्रांविषयी थोडे. फिटलेल्या कर्जाचा बोजा जुन्या नोंदणीपुस्तकात तसाच राहिलेला मी नोकरीत अनेकदा पाहिला आहे. बँकेच्या सहीचा नमुना ३५ देऊन तो आधी उतरवावा, मग हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० भरावेत. पन्नास वर्षांवरील मूळ रूपातील गाडीस २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ‘विंटेज’ नोंदणी मिळू शकते; मात्र अशी गाडी नित्याच्या वापरास रस्त्यावर आणता येत नाही. शिक्षकांनी त्या वाटेला न जाणेच पसंत केले.

गाडी मीच पोहोचवली. पहाटे चोक ओढताच ती सुरू झाली. पेठ नाक्याला महामार्ग लागला. कराड, सातारा मागे पडले. ताशी पन्नासाच्या पुढे मी गेलो नाही. मागचे ट्रक भोंगे वाजवीत, जवळ आल्यावर चालक हसून हात करीत. पूर्वी वेळे गावापासून खंबाटकी चढताना रेडिएटर उकळे. वडील गाडी कडेला घेत. झाकणावर ओले फडके टाकून ते हळूच सैल करीत, आणि वाफ जाईपर्यंत आई दशम्यांचा डबा सोडी. आता पुण्याकडची वाहने बोगद्यातून जातात. सवयीने डिकीत पाण्याचा डबा ठेवला होता. तो भरलेलाच राहिला.

पुण्यात शिक्षकांच्या पत्नी पुढच्या बाकावर बसल्या आणि त्रिकोणी काच उघडून पाहू लागल्या. पाण्याचा डबाही मी त्यांच्याकडेच ठेवला.

परतीची एसटी मात्र घाटरस्त्याने चढली. एका वळणावर जुना टेम्पो तोंड उघडून उभा होता आणि चालक शेजारच्या दगडावर बसून भाकरी खात होता.