मेण मऊ असते काय?

आमचा भाचा नोकरीच्या निमित्ताने गोव्यात असतो. गेली दोन-तीन वर्षे सुटीच्या दिवशी तो उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर, फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा खेळ शिकतो आहे. या फळीला सर्फबोर्ड म्हणतात, हे आम्हांला त्याच्याकडूनच कळले. मार्च महिन्यात एके संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, तुमच्याकडे जंगलातलं मेण मिळतं ना?"

मेण कशाला हवे, असे विचारले तेव्हा त्याने सांगितले की ते फळीच्या पाठीवर घासायचे असते. आम्ही समजलो की फळी पाण्यावरून सुळकन जावी म्हणून. तो हसला. मेण लावायचे ते फळीच्या वरच्या अंगाला, जिथे पाय ठेवायचे असतात तिथे. आणि ते लावायचे पाय सरकू नये म्हणून. घासता घासता मेणाचे बारीक बारीक उंचवटे तयार होतात आणि ओल्या तळव्याला त्यांचा आधार मिळतो. बाजारात या मेणाच्या वड्या मिळतात. त्या बहुधा पॅराफिनच्या, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या मेणाच्या असतात, आणि समुद्राचे पाणी किती गार वा कोमट आहे त्यावरून त्यांच्या प्रती ठरतात. गार पाण्याला मऊ वडी, कोमट पाण्याला कडक. त्याला मधमाश्यांच्या मेणाची वडी घरी करून पाहायची होती. पण भाड्याच्या खोलीत मालकीणबाई असले काही शिजवू देणार नव्हत्या. तेव्हा ती वडी आम्हीच करावी, असा त्याचा प्रेमळ हुकूम होता.

चंद्रपुरात बसून समुद्रावरच्या फळीसाठी मेण शिजवायचे, यात गंमत होती म्हणून आम्ही होकार दिला. पण फोन ठेवल्यावर एका शब्दाने आमचा पिच्छा पुरवला. कडक मेण! तीस वर्षे मराठी शिकवताना मेण हा शब्द आम्ही किती वेळा उच्चारला असेल. त्याच्याशी 'कडक' हे विशेषण जोडण्याचा प्रसंग मात्र आला नव्हता. तो आला होता एकदाच, आणि आमच्यामुळे नव्हे.

मराठी माणसाची मेणाशी पहिली भेट गोष्टीत होते. चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे; पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि मेणाचे टिकते. मेण पाण्याला दाद देत नाही, हे पदार्थविज्ञान आपण असे दोन-तीन वर्षांचे असतानाच शिकतो. पुढे मेणकापड, मेणबत्ती, मेणचट हे शब्द येतात. आणि मग अभ्यासक्रमात तुकोबा येतात. विष्णुदासांची मृदुता मेणाहून अधिक आणि कठीणपणा वज्राला भेदणारा, हे सांगणारा त्यांचा अभंग मराठीच्या कोणत्या अध्यापकाने शिकवलेला नाही? आम्ही तो दर वर्षी शिकवला. मेण म्हणजे मऊ, वज्र म्हणजे कठीण, विरोधी गुणांचा एका ठायी संगम. विद्यार्थी लिहून घेत, परीक्षेत तेच लिहीत, आणि आम्ही गुण देत असू.

सुमारे वीस वर्षांपूर्वी या अभंगाच्या तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातला, घरी गोंडी बोलणारा. तो सहसा बोलत नसे. म्हणाला, "सर, मेन त टनक रायते."

आम्ही म्हटले, "मेन नव्हे, मेण. टनक नव्हे, टणक. म्हण बरं पुन्हा." वर्ग हसला. त्याने दोन्ही शब्द पुन्हा म्हटले, बहुधा तसेच, आणि तो खाली बसला. आम्ही पुढच्या चरणाकडे वळलो. त्याचा 'ण' दुरुस्त करण्याच्या घाईत त्याने काय सांगितले ते आम्ही ऐकलेच नाही.

आता मेण हवे म्हणून ज्याच्याकडे जावे असा माणूस शोधू लागलो, तेव्हा नेमका तोच आठवला. तो धानोऱ्याकडेच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. त्याचे वडील पूर्वी आग्या मोहोळाचा मध काढत. फोन केला, तर पुढच्याच रविवारी तो बसने चंद्रपूरला आला आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला दीडेक किलोचा तपकिरी गोळा काढून टेबलावर ठेवला. गोळा ठक्क वाजला.

त्याच्याकडून जे ऐकले ते थोडक्यात सांगतो. आग्या मोहोळाचे पोळे म्हणजे उंच फांदीला लोंबणारा एकच मोठा पडदा. त्यात मध साठतो वरच्या, फांदीलगतच्या भागात. खाली अंडी आणि अळ्या. पूर्वी रात्री टेंभा पेटवून माश्या जाळत आणि अख्खे पोळे उतरवत. अलीकडे बऱ्याच ठिकाणी अंगभर पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापून घेतात आणि पिल्लांचा भाग राहू देतात. त्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने आपल्या अभ्यासगटात या अहिंसक मधाचा विचार फार आधी केला होता. मध काढून घेतलेल्या पोळ्यातून आणि माश्या स्थलांतर करून गेल्यावर मागे उरलेल्या रिकाम्या पोळ्यातून मेण निघते. रिकामे पोळे मात्र लवकर गाठावे लागते, नाहीतर मेणपतंगाच्या अळ्या त्याचा भुगा करतात. संस्कृतात मेणाला मधूच्छिष्ट असे नाव आहे, मधाचे उष्टे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त चालुक्य राजा सोमेश्वर याने मेणाच्या प्रतिमेवरून धातूची मूर्ती ओतण्याची रीत सांगितली आहे, तिथेही हेच उष्टे कामी येते. कायद्याने मात्र त्याला उष्टे मानलेले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची जी व्याख्या आहे, तीत मध आणि मेण हे दोन शब्द शेजारी शेजारी, पण वेगवेगळे लिहिलेले आहेत. मेंढा-लेखाला त्याच कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. आमचा विद्यार्थी हे सांगत असताना आम्ही ऐकत होतो आणि टेबलावरचा गोळा बोटाने दाबून पाहत होतो. तो दबत नव्हता.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. तिला वेळ लागतो. गोळ्यात काड्या, माशांचे पंख, काळा गाळ असे बरेच काही होते. त्याचे तुकडे करून स्टीलच्या पातेल्यात भरपूर पाण्यात टाकले आणि मंद आचेवर ठेवले. लोखंडाच्या भांड्यात मेण काळवंडते, म्हणून ते टाळले. साधारण ६३ अंशांना मेण वितळते. पाण्याहून हलके असल्याने वर तरंगते. जुन्या धोतराच्या कापडातून गरम गरम गाळून रात्रभर तसेच राहू दिले. सकाळी पाण्यावर पिवळी भाकरी जमली होती. तिच्या खालच्या अंगाचा गाळ सुरीने खरवडून टाकला आणि हेच पुन्हा एकदा केले.

मग मिश्रण. मेण कधीही थेट जाळावर ठेवू नये, ते पेट घेते. पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून त्यात वितळवावे. पहिल्या खेपेला १०० ग्रॅम मेणात ५० ग्रॅम खोबरेल घातले. झाले ते टाचेच्या भेगांना लावायचे मलम. एप्रिलमधल्या चंद्रपुरात ते वाटीत डुलत होते. दुसऱ्या खेपेला तेल कमी केले. वडी झाली, पण नुसतीच गुळगुळीत. तिला चिकटपणा नव्हता. तेव्हा काष्ठौषधीच्या दुकानातून राळ आणली, कुटून वस्त्रगाळ केली, आधी गरम तेलात विरघळवली आणि मग मेणात मिसळली. १२० ग्रॅम मेण, २० ग्रॅम तेल, २० ग्रॅम राळ, हे प्रमाण अखेर जमले. मिश्रण लहान वाट्यांत ओतले. वड्या गोव्याला गेल्या. भाच्याचा निरोप आला, "पाय धरतो मामा, पण थोडी कडक आहे. आधी कोमट करून घासावी लागते."

कोमट करून! या शब्दापाशी आम्ही थांबलो. लोणी नुसते बोट लावले तरी दबते. सज्जनांच्या चित्ताला तुकोबांनी दुसऱ्या एका अभंगात लोण्याचीच उपमा दिली आहे, आतबाहेर मऊ म्हणून. मग विष्णुदासांसाठी मेण का? आम्ही इतकी वर्षे हे दोन पदार्थ एकाच खणात ठेवले होते. मेण स्वभावतः मऊ नाही. थंडीत त्यावर हातोडी मारली तर कपचे उडतात. पण तेच तळहातात धरून बसले की दुसऱ्याच्या अंगची ऊब घेऊन ते वळू लागते. लोण्याला टणकपणा ठाऊकच नाही. मेणाला तो ठाऊक आहे आणि तरी ते ऊब मिळताच नमते. असा पदार्थ वज्राच्या शेजारी येतो तेव्हा अभंगातले दोन गुण परस्परविरोधी राहत नाहीत. एकाच माणसाच्या ठायी ते कसे नांदतात याचा उलगडा मेणातच आहे. आम्ही मात्र 'विरोधी गुणांचा संगम' एवढे लिहून देऊन मोकळे होत होतो. तुकोबांच्या मनात नेमके हेच होते असा आमचा दावा नाही. पण उपमेतली वस्तू हातात घेतल्यावर तिच्याकडे असे पाहता येते, एवढे नक्की. आणि हे पाहण्याची वाट वीस वर्षांपूर्वी एका मुलाने चार शब्दांत दाखवली होती. त्या वर्गात मेण हाताळलेला बहुधा तो एकटाच होता. आमच्यासह इतरांनी पाहिली होती ती मेणबत्ती, तीही पॅराफिनची.

वड्या पोचल्याचे सांगायला त्याला फोन केला, तेव्हा हा प्रसंगही सांगितला. आमची चूक झाली, असे स्पष्ट म्हटले. थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "टणकचं नाही आठवत सर. 'ण' मात्र आठवतो. खोलीवर जाताना रस्त्यानं म्हणत जायचो, मेण, मेण, मेण." त्याचा 'ण' आता अगदी स्वच्छ होता. त्याचे अभिनंदन करावे की क्षमा मागावी, हे आम्हांला कळेना. आम्ही क्षमा मागितली. तो म्हणाला, "राहू द्या सर," आणि विचारले, आणखी मेण पाठवू काय.

आणखी मागवले आहे. त्यातले थोडे गोव्याला जाईल. एक गोळा टेबलावरच राहील. पुढच्या वर्षी तो अभंग आला की आधी गोळा बाकांवरून फिरवू, मग पुस्तक उघडू.