नवी बंदूक आणि जुना गज

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादांनी नवी बंदूक घरी आणली. वाण नदीच्या अंगाला आमचा ऊस आहे. गेली तीन वर्षे रानडुकरांनी दादांना रात्रीची झोप म्हणून घेऊ दिली नव्हती. डुकरांचा कळप एकदा फडात शिरला, की खातो थोडे आणि लोळवतो फार. सुतळी बॉम्ब झाले, जुन्या साड्यांचे कुंपण झाले, रात्रभर डबा बडवणारा गडी झाला. अखेर अर्ज, चौकशी, परभणीच्या कचेरीच्या खेपा, आणि मग परवाना. तो हाती आला तरी वनखात्याच्या परवानगीवाचून डुकरावर नेम धरता येत नाही; उडवायचे ते आवाजापुरते. हे सारे खरे आहे. पण हे अर्धेच खरे.

उरलेले अर्धे म्हणजे बांध. आमच्या शेताला लागून चुलत्यांचे शेत. मधला बांध दरसाल वीतभर इकडे सरकतो असे दादा म्हणतात, आणि तिकडे सरकतो असे चुलत घर म्हणते. चार वर्षे झाली, दोन्ही घरांचे बोलणे बंद आहे. बंदूक खोक्यातून काढताना दादा वहिनींना म्हणाले, "आता बघू कोण बांध कोरतंय ते." म्हणाले हसतच. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. ती बंदुकीने झाली नव्हती. पण त्यानंतर त्या जिल्ह्यातल्या बंदुकीच्या परवान्यांची मोजदाद निघाली, आणि पुढच्या काही महिन्यांत शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. कोणाच्या घरी बंदूक आहे आणि ती कशासाठी आहे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या पारावरही निघतो. आमच्या घरापुरते उत्तर मला ठाऊक होते, आणि ते मला आवडत नव्हते.

बंदूक साफ करण्याचे काम माझ्याकडे आले, कारण परभणीला शिकताना मी एन.सी.सी.त होतो. शिवाय मी कादंबऱ्या लिहितो, आणि त्यांत मी दोन माणसे गोळीने मारली आहेत, त्यामुळे घरात मला या विषयातला जाणकार समजतात! ती माणसे मारताना नळी पुसलेली होती की नव्हती, याचा विचार मी एकदाही केला नव्हता, हे आज कबूल करतो.

बाराबोर, दुनळी. बाराबोर म्हणजे काय, हे दादांच्या धाकट्याने विचारले तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती नळी बाराबोरची. म्हणजे साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. पोराला हे उलटे गणित फार आवडले.

नवी बंदूक म्हणजे स्वच्छ बंदूक, अशी आपली समजूत असते. तसे नाही. गंजू नये म्हणून कारखान्यातून निघतानाच तिला आतबाहेर घट्ट ग्रीस फासलेले असते. ते नळीत तसेच ठेवून बार काढला, तर छर्ऱ्यांच्या वाटेत अडथळा येतो, दाब वाढतो, आणि नळी फुगते. अडथळा मोठा असला तर फाटतेही. म्हणून पहिल्या बाराआधी ते सगळे काढावे लागते. प्रथम बंदूक मोडून दोन्ही घरे रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहायचे, आणि बोटानेही. काडतुसे त्या खोलीत ठेवायचीच नाहीत. मग रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी गजाला लावून मागून पुढे, कोरडी चिंधी, पुन्हा ओली, पुन्हा कोरडी, चिंधी पांढरी निघेपर्यंत. शेवटी तेलाचा नुसता हात. तेल जास्त झाले की ते धूळ धरते, चापाच्या आत जाऊन चिकटते. आणि बार काढण्यापूर्वी नळीतले तेही पुसायचे. बोटांचा घामसुद्धा लोखंडाला खातो, म्हणून बाहेरून हात लागेल तितक्या वेळा पुसायचे. एन.सी.सी.तले आमचे हवालदार म्हणत, नळीतून पलीकडचे आभाळ वाटोळे दिसले पाहिजे.

परवाना दादांच्या नावचा, म्हणून ते समोर बसून राहिले. उजवी नळी झाली. डावीत मी घोटाळा केला. बंदुकीबरोबर आलेला गज लाकडी, तीन तुकड्यांचा, आट्यांवर जोडायचा. ढकलता ढकलता मी तो उलटा फिरवला असणार. ओढला तेव्हा दोन तुकडे हाती आले. तिसरा, टोकाच्या लोकरी बोळ्यासकट, नळीच्या तोंडाशी रुतून बसला. तिथे ही नळी किंचित आवळलेली असते.

दादांना मी हे लगेच सांगितले नाही. ते म्हणत होते, "आवर, अंधार पडायच्या आत एक बार काढू." मी बंदूक उजेडाकडे धरली. उजव्या नळीत आभाळ होते. डावीत काही नव्हते. मी सांगितले नसते, आणि दादांनी अधीरपणे काडतूस भरले असते, तर? मास्तरकीत चूक झाकायची सवय लागते. फळ्यावरचे चुकलेले गणित मी कितीदा हाताने पुसले आहे. हे पुसण्याजोगे नव्हते. मी म्हणालो, "दादा, डावी नळी बुजली. माझ्या हातून."

आता पुढून मागे ढकलायला एक लांब, सरळ, सलग गज हवा. तसा गज आम्हां दोघांनाही ठाऊक होता. आजोबांची ठासणीची बंदूक होती, निजामाच्या राज्यातली. बंदूक केव्हाच गेली; तिचा लोखंडी गज उरला, आणि वाटण्यांत तो चुलत्यांकडे गेला. त्यांच्या न्हाणीत तो कपडे वाळत घालायला लावलेला असे.

दादा काही बोलले नाहीत. मी चप्पल घातली.

चुलतभाऊ ओट्यावर सोयाबीन निवडत होता. माझ्याच वयाचा, परभणीला एका खोलीत राहिलो, एका रांगेत बंदुका पुसल्या. मला पाहून त्याने विचारले, "काय गुर्जी, कामून आलास?" मी जे झाले ते सांगितले. कोणाची बंदूक हे त्याला विचारावे लागले नाही; सगळ्या गावाला ठाऊक होते. तो बराच वेळ सूप हलवत राहिला. मग आत गेला, गजावरचे कपडे उतरवल्याचा आवाज आला, आणि गज घेऊन तोच माझ्यापुढे चालू लागला.

आमच्या अंगणात चार वर्षांनी त्याचे पाऊल पडले. दादा उठले नाहीत, पण सतरंजीवर सरकून त्यांनी जागा केली. त्याने गजाच्या टोकाला फडके गुंडाळले, "लोखंड नळीला घासू नये," एवढे माझ्याकडे बघून म्हणाला, आणि तोंडाकडून हलके ठोके दिले. सहाव्या की सातव्या ठोक्याला तुकडा मागे निघाला. त्याने नळी डोळ्याला लावली, मग दादांच्या हाती दिली. दादांनी पाहिले. वहिनींनी चहा केव्हा ठेवला ते मला कळले नाही.

त्या संध्याकाळी बार निघाला नाही. दसऱ्याला हवेत एक काढावा असे दादांच्या मनात होते, पण २०१९ च्या दुरुस्तीपासून इतरांचा जीव धोक्यात घालणारा असा आनंदाचा बार गुन्हा झाला आहे, हे मी त्यांना सांगितले. पूजेत बंदूक विळ्याकोयत्यांजवळ रिकामीच ठेवली. बांधाची मोजणी अजून व्हायची आहे. तिचा अर्ज दोन्ही घरांनी निरनिराळा केला आहे.

रात्री दादांनी विचारले, "गज परत दिलास का?"

"तो घेऊन गेला."

"हं," दादा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "लाकडी गजाच्या आट्या काही धड नाहीत. परत लागंल तवा त्याला सांगून ठेव."